सुळे खोबऱ्याचे

गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर,
मौत का कुआं आणि मोठा पाळणा यांच्या मधे
पत्र्याचा एक भूतबंगला लागायचा.
तिकीट दहा रुपये, गरोदर बायकांना मनाई,
आणि पाटीवरच्या 'रक्तपिपासू'तला पिपासू
दर वर्षी नव्या तऱ्हेने चुकलेला.

आत, शेवटच्या वळणावर पेटी करकरायची
आणि उठून बसायचे भूमय्या येलदंडी,
एरवी बारा-बारा तास मागावर उभे राहणारे.
अंगावर काळा झगा. म्हणजे आपली चादरच,
रंगात बुडवून काढलेली,
पण लाल बल्ब लागला की पाठीवरचा मोर
काळ्याखालून हळूच मान वर काढायचा.
ओठांवर रक्त, म्हणजे हळदीत कालवलेला चुना.
सुळे खोबऱ्याचे.
रात्रीचा शेवटचा खेळ संपला की
ते स्वतःचे सुळे गुळाबरोबर चावून खायचे.

मी नऊ वर्षांची. अशी किंचाळले
की भूतच दचकलं.
पेटीतून अर्धं बाहेर येऊन म्हणालं,
"अगं अम्मा, पाणी देऊ का?"
दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.
तिसऱ्याही.

पुढे पुष्कळ पाहिले.
केबलवर मध्यरात्री डब होऊन येणारे,
ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे.
आणि आता मोबाइलवरचे, गोरेपान, केस विस्कटलेले,
तीनशे वर्षांचे होऊनही
बारावीच्याच बाकावर बसलेले.
भाची जीव टाकते त्यांच्यावर.
म्हणते, मावशी, किती एकटा आहे बघ तो.
मी म्हणते, रक्त पितो गं.
म्हणते, पण दारात थांबून विचारतो.

हे मात्र खरं.
ढेकूण विचारत नाही. भिशीवाला विचारत नाही.
हा एवढा उमराव, एवढी भूक,
आणि कुणी 'या' म्हटल्याशिवाय
उंबरा ओलांडत नाही म्हणे.

सोलापुरात त्याचं निभलं नसतं, ते वेगळं.
लसणाला घाबरतो, आणि इथे गल्लोगल्ली
शेंगाचटणी कुटताना उखळातून
त्याच्या मरणाचा वास सुटलेला.
उन्हाचं तर बोलूच नका.
किंवा निभलंही असतं.
मे महिन्यात अख्खं गावच
दिवसा खिडक्या लावून पेटीत पडतं,
पाचव्या दिवशी रात्री दोनला नळ येतो तेव्हा
आमची सगळी दाजी पेठ जागी असते,
केस मोकळे, डोळे तांबारलेले, हातात घागरी,
अशात नवा एक आला असता
तर आम्ही विचारलं असतं फक्त,
नंबर कितवा तुझा?

मी लॅबमध्ये आहे आता. रक्त काढते.
सकाळी सात ते अकरा, उपाशीपोटी.
मला पाहून पोरं आईच्या पदरात शिरतात.

परवा मंगळवारी दाराशी कुणी तरी उभं.
वाकलेलं, हातात डॉक्टरची चिठ्ठी, चपला बाहेर.
"आत येऊ का?"
आवाज पत्र्याच्या आतून आल्यासारखा.
मी म्हटलं, या.

दंडाला रबर बांधलं, शीर सापडेना.
सुई पाहिली आणि भूमय्या येलदंडी
असे ओरडले की बाहेरची रांग उठून उभी राहिली.
"काका, पाणी देऊ का?"
घोटभर प्यायले. तोंड भिंतीकडे केलं.
विचारलं, "सगळं नेणार का?"
दोन छोट्या नळ्या, म्हटलं. मुंगी चावल्यासारखं.

संध्याकाळी रिपोर्ट. हिमोग्लोबिन सात.
मी दोनदा तपासलं.
इतकी वर्षं पेटीतून उठून
आमच्यातल्या एकाचाही थेंब घेतला नव्हता त्यांनी.

म्हटलं, काका, बीट खा, खजूर खा,
गूळ-खोबरं खा रोज.
त्यांनी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली
आणि हसले.
"खोबरं आता चावत नाही, अम्मा."